पतंगाच्या कागदाची पट्टी

हॉल तिकीट जपून ठेवावं म्हणून फिजिक्सचं जाड पुस्तक उघडलं आणि त्यातून एक जांभळी पट्टी खाली पडली. बोटभर लांब, नखाएवढी रुंद, एका टोकाला तेलाचा डाग. आई केर काढत होती. पट्टी केरसुणीखाली जाण्याआधी मी ती उचलली.

"काय गो ता?" आईने विचारलं.

"पुस्तकातली खूण आहे."

हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

आमच्या वस्तीत परीक्षेचे दिवस आधी नाकाला कळतात. घाटकोपरला डोंगराच्या उतारावर आमची चाळ. मार्चमध्ये वरचं गवत वाळतं, कुणीतरी ते पेटवतं, आणि तो करपट वास गल्लीत उतरतो. त्यात ओट्यावर वाळत टाकलेल्या मिरच्यांचा खकाणा. गेली दोन वर्षं मला त्यात आणखी एक वास येतो, खरोखर असो की नसो: पेट्रोल, जळकं तेल आणि आंबेहळद. हा वास आला की मला लाज वाटते, आणि लगेच काहीतरी भरूनही येतं. दोन्ही एकदम कसं होतं ते मला सांगता येत नाही.

मी काही लिहिणारी नव्हे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माझा लिहिण्याचा सराव म्हणजे प्रयोगाची जर्नल: उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. फर्स्ट इयरच्या परीक्षेआधीचे ते आठ दिवस तसे मांडून बघितले. साहित्य जमलं, कृतीही जमली. निष्कर्षापाशी अडले. म्हणून आता जसं आठवेल तसं लिहिते आहे.

बाबा गिरणीत जॉबर होते. माग बिघडला की विणणारा त्यांना हाक मारायचा; म्हणजे हाक नाहीच, हात करायचा. साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, शेकडो माग एकदम चालतात, तिथे माणसाचा आवाज कुणाला पोचत नाही. म्हणून तिथली माणसं हाताने बोलतात. दोन बोटं एकमेकांवर घासली की धागा तुटला. मूठ छातीवर आपटली की पट्टा सैल. आणि मागाची दुरुस्ती झाली की जॉबर तळवा खाली करून हवेत दोनदा थोपटायचा आणि मग बोटाने पुढे दाखवायचा: हा चालला, तू पुढे जा. ही भाषा घरात मला चालायला लागण्याआधीपासून येत असावी. आई ताटात भात वाढायची आणि बाबा तळव्याने थोपटायचे, की पुरे.

त्या आवाजात वीस-बावीस वर्षं काढल्यावर बाबांचे कान गेले. पुरते नाही, पण मोठ्याने बोलावं लागतं. मग गिरणीही गेली. त्यानंतरची दोन वर्षं ते ओट्यावर बसून असायचे. कुणी शिलाई मशीन आणून दिलं तर दुरुस्त करायचे. नाही आणलं तर आपल्या हातांकडे बघत बसायचे. ते मला बघवत नसे, म्हणून मी पुस्तकात डोकं घालायची. माझा अभ्यास चांगला झाला त्याचं थोडं कारण हेही आहे.

त्या मार्चमध्ये त्यांना काम आलं. उपनगरांत गाळ्यागाळ्यांतून छोटे माग बसले होते. अंधेरीला, चेंबूरला, थेट दहिसरच्या चेकनाक्यापर्यंत. ते फिरून दुरुस्त करणारा माणूस एका कंत्राटदाराला हवा होता. त्याची अट एकच होती: स्वतःची गाडी पाहिजे. हत्यारांची पेटी घेऊन एका दिवसात तीन ठिकाणी बसने पोचता येत नाही. सोमवारी सकाळी आठला दहिसरला हजर व्हायचं. नाही झाले तर दुसरा माणूस तयार होता.

आईच्या मामाची एक जुनी मोटरसायकल त्यांच्या पडवीत कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून उभी होती. ती टेम्पोत घालून आणली. चाळीतली सगळी माणसं बघायला आली. शेजारच्या कुसुममावशी म्हणाल्या, "दादा, ही चालणार की हिच्यावर तुळस लावायची?"

बाबांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. त्यांनी गाडी स्टँडवर घेतली, दहा-बारा किका मारल्या, एकदाची ती खोकत सुरू झाली. मग त्यांनी एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनाला लावलं आणि मूठ दातांत धरून डोळे मिटले. मावशी हसल्या. मीही हसणार होते. पण बाबांच्या तोंडाकडे बघितलं आणि राहिले. मी त्यांना कितीतरी दिवसांनी काहीतरी ऐकताना बघत होते.

"गो, हय ये," ते म्हणाले. स्क्रू-ड्रायव्हर पुसून माझ्या हातात दिला. "दातांत धर. कान झाक."

मी धरला. आणि माझ्या डोक्यात एक अख्खा कारखाना सुरू झाला. बाहेरून जो नुसता फटफटाट होता तो आतून वेगवेगळा झाला: एक ठोका, एक टिकटिक, एक लांब श्वास, आणि मध्येच चुकलेली पावलं. आवाज हवेतूनच येतो असं नाही, घन पदार्थातून तो जास्त चांगला जातो, हे मी आठवीत पाठ केलं होतं. पेपरात लिहून त्याचे मार्कही घेतले होते. ते खरं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

तो आठवडा मी सकाळी अभ्यास आणि दुपारी गाडी असा काढला. बाबांनी इंजिनातला ठिणगीचा प्लग काढून दाखवला, काजळीने काळाभोर. "पेट्रोल जास्ती, हवा कमी," ते म्हणाले. पांढरा पडला तर उलटं. पाहिजे तो रंग कुठला म्हणून विचारलं तर त्यांनी आईच्या ताटातल्या भाजलेल्या रव्याकडे बोट दाखवलं. तो रंग मी अजून लक्षात ठेवला आहे.

मग ठिणगीची वेळ. पिस्टन वर येतो, पेट्रोल आणि हवा दाबून धरतो, आणि अगदी वर पोचण्याच्या जरासं आधी ठिणगी पडायला हवी, कारण आग पसरायलाही क्षण लागतो. फार आधी पडली तर स्फोट वर येणाऱ्या पिस्टनलाच मागे ढकलतो. फार उशिरा पडली तर जोर वाया जातो, इंजिन नुसतं तापतं. ही वेळ दोन इवल्या टिकल्या एकमेकींपासून कधी सुटतात त्यावर असते. त्या सुटल्या की ठिणगी. पण सुटतात कधी ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी पतंगाचा कागद. माळ्यावर संक्रांतीतला एक फाटका जांभळा पतंग होता. बाबांनी त्याची पट्टी कापून त्या टिकल्यांमध्ये धरायला मला सांगितली. "हळू वढ. तुटाक नको." ते गाडी गिअरमध्ये घालून मागचं चाक हाताने केसाकेसाने फिरवत होते. पट्टी घट्ट होती, घट्ट होती, आणि मग अचानक माझ्या बोटांत आली, जशी कुणी आतून सोडून दिली.

"सुटली," मी म्हटलं.

बाबांनी प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक सोडून ठेवला होता. त्याच्यावर बोट ठेवून त्यांनी पिस्टन कुठे आहे ते बघितलं, मान हलवली, पट्टी परत घालायला लावली. असं सतरा वेळा झालं असेल. शेवटी शनिवारी संध्याकाळी त्यांनी टिकल्या ज्यावर बसवलेल्या असतात त्या लोखंडी पाटाचा स्क्रू आवळला, तळव्याने हवेत दोनदा थोपटलं आणि पुढे बोट दाखवलं. आता राहिलं फक्त हवा आणि पेट्रोल जमवणं. ते रविवारी.

इथून पुढचं लिहायला मला जड जातं.

कॉलेजच्या लायब्ररीतून मी इंजिनांवरचं एक पुस्तक आणलं होतं. इंग्रजी, जाड, आकृत्यांचं. त्यात एक तक्ता होता आणि तक्त्यात ठिणगीच्या वेळेचा आकडा होता: पिस्टन वर पोचण्याआधी चौतीस अंश. रविवारी सकाळी बाबा डबा घेऊन पेट्रोल आणायला गेले होते. मी कंपासपेटीतल्या कोनमापकावरून पुठ्ठ्याची चकती आखली, इंजिनाच्या दांड्याला लावली, समोर तारेची सुई बसवली आणि बाबांनी लावलेली वेळ मोजायला घेतली. ती चौतीसच्या आसपासही नव्हती. मी मोजून संपवलंसुद्धा नाही. स्क्रू सैल केला आणि पाट पुस्तकातल्या आकड्याकडे सरकवत नेला. तो खाचेच्या अगदी टोकाला गेला. तेव्हाच शंका यायला हवी होती.

मदत करायची होती, असं मी स्वतःला सांगितलं. ते काही प्रमाणात खरं आहे. पण खरं हेही आहे की माझ्या पुस्तकांतलं काहीतरी एकदा तरी आमच्या ओट्यावर उपयोगी पडावं, असं मला फार वाटत होतं. वर्षभर मी ज्या गोष्टी शिकत होते त्यांतली एकही मला घरात कुणाला दाखवता आली नव्हती. मी झाकण लावलं आणि बाबांना सांगितलं नाही. गाडी झकास सुरू होईल आणि मग सांगेन, असा बेत होता.

बाबा आले. पेट्रोल ओतलं, चप्पल घातलेला पाय किकवर ठेवला आणि अंगाचा भार टाकला. इंजिनाने किक खालूनच उलटी फेकली. फाटकन आवाज झाला आणि बाबा गाडी धरून खाली बसले. पायाचा घोटा दहा मिनिटांत कलिंगडासारखा फुगला. आईने आंबेहळद उगाळून लेप लावला. हाड मोडलं नव्हतं. पण त्या पायाने किक मारणं आता आठ-पंधरा दिवस शक्य नव्हतं.

मी गप्प राहिले. एक तास, दोन तास, जेवणं झाली तरी. प्रत्येक वेळी आता सांगते म्हणत होते. पुस्तक पुढ्यात धरून एकच ओळ वाचत होते.

चार वाजता बाबांनी उजवा हात समोर धरला. उलटा केला, सुलटा केला. "काल बरोबर लावलंय," ते आईला म्हणाले. "पट्टी सुटली तेव्हा माका कळला होता. तरीपण उलटी मारल्यान. माझो हात गेलो गो." मग हात खाली ठेवून, "उद्या येत नाय म्हणून निरोप धाडूया. दुसरो माणूस बघूंदे."

आईने परातीतलं पीठ मळणं थांबवलं. ती नुसती त्या हाताकडे बघत राहिली.

"बाबा, पाट मी हलवला," मी म्हटलं.

त्यांना ऐकू गेलं नाही. मी हे सगळं धैर्य गोळा करून म्हटलं होतं, आणि ते खिडकीबाहेर बघत होते. त्या क्षणी मला सुटता आलं असतं, हे मी लपवणार नाही. मी परत म्हटलं, मोठ्याने. "बाबा, तुमचा हात बरोबर होता. पाट मी हलवला. सकाळी. तुम्ही नसताना." इतकं मोठ्याने, की शेजारी मावशींच्या घरात कुणीतरी टीव्हीचा आवाज बारीक केला.

बाबा माझ्याकडे वळले. मग त्यांनी आपला हात पुन्हा समोर धरला आणि त्याच्याकडे असं बघितलं, जसं गावाहून आलेल्या माणसाकडे बघतात.

"म्हंजे हात बरो आसा," ते म्हणाले.

रागावणं यायचंच होतं, मी वाट बघत होते. त्यांनी विचारलं, "कित्याक हलवलंस?"

"पुस्तकात होतं."

"घेवन ये ता पुस्तक. वाच बघया."

मी तक्ता उघडला आणि मोठ्याने, मराठीत करून वाचायला लागले. आणि वाचतानाच मला दिसलं. आकडे दोन होते. वरच्या ओळीत, इंजिन थांबलेलं असताना: दहा. खालच्या ओळीत, इंजिन पूर्ण वेगात असताना: चौतीस. आतमध्ये दोन छोटी वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप लवकर पडू लागते. हे सगळं शेजारच्याच पानावर होतं. मला मोठा आकडा जास्त खरा वाटला होता, इतकंच.

मला रडू यायला लागलं. बाबा मात्र पुस्तकातली आकृती जवळ ओढून त्या दोन वजनांवरून बोट फिरवत होते. "बघ, ता पुस्तक खोटा नाय," ते म्हणाले. "ता धावत्या इंजिनाचा सांगता. आपला उभा आसा." आणि मग, "आधी सांगूचा होता गो. माका वाटला, संपलंय मी."

यापेक्षा जास्त ते मला कधीच काही बोलले नाहीत.

मग बाबा स्टुलावर बसले, लेप लावलेला पाय पिंपावर ठेवून. मी चाक फिरवलं, आईने पतंगाची पट्टी ओढली. "सुटली" हे तिने इतकं हळू म्हटलं की ते मलाच बाबांना हाताने सांगावं लागलं. स्क्रू आवळल्यावर बाबा म्हणाले, "आता तुझी चकती लाव." मी लावली. दहाच्या रेघेवर सुई. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. मी परत मोजलं. आईला बघायला लावलं. ज्या माणसाने तो तक्ता कधी बघितला नव्हता, ज्याला तो वाचता आला नसता, त्याने फाटक्या पतंगाने आणि सायकलच्या स्पोकने तोच आकडा काढला होता. पुस्तक लिहिणारा कुठल्या देशात, कुठल्या प्रयोगशाळेत बसला असेल, आणि बाबा या ओट्यावर. आणि दोघे एकाच रेघेवर येऊन भेटले होते. माझ्या अंगावर काटा आला. देवळात मला तसं फारसं होत नाही.

"मार किक," बाबा म्हणाले.

"मी?"

"मग कोण, तुझी आवस?"

आई पदर तोंडाला लावून हसली. मी ओढणी कमरेला बांधली. चाळीतल्या बायका दारात आल्या होत्या. उलटी बसली तर काय होतं ते सकाळीच बघितलं होतं. पण चकतीवर दहा होते. मी भार टाकला. तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली.

तेवढ्यात मावशींच्या घरातून ओरड झाली. रविवारचा सिनेमा चालू होता, अर्धी चाळ तिथे बसलेली. मावशी दारात आल्या. "ए बाई, बंद कर ती. हिरोच्या थोबाडावर पांढऱ्या रेषा येतायत, ऐन लग्नात."

मी त्यांच्या दारातून डोकावले. खरंच होतं. पडद्यावर पांढऱ्या रेघा धावत होत्या, कधी दाट, कधी विरळ. आमच्या इंजिनातली ठिणगी, लोखंडात कोंडलेली, कधीच कुणाला न दिसणारी, भिंत ओलांडून इथे येऊन दिसत होती. कुणी तार जोडली नव्हती. मी परत बाबांकडे धावले आणि हाताने सांगितलं. त्यांना आधी पटेना. मग ते असे हसले, की पाय दुखतोय हे विसरले.

त्यांनी सीटवर पाण्याने भरलेलं फुलपात्र ठेवायला लावलं आणि स्क्रू-ड्रायव्हर दातांत धरला. हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू माझ्याकडे. त्यांची बोटं सांगत होती: जरा आत, जरा बाहेर, थांब. पाणी आधी थरथरत होतं, कडेवरून उडत होतं. पाव फेरा बाहेर. पाणी नाचायचं थांबलं. अजून जरा. आणि पाण्यावर गोल कडी उमटली, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, सगळ्यांचा मध्य एक. पाणी शांत झालं नव्हतं. नीट झालं होतं. आत दर मिनिटाला शेकडो स्फोट चालले होते आणि वर पाण्याने त्यांची रांगोळी केली होती. मी श्वास घ्यायला घाबरत होते.

"आता रेषा सारख्या अंतरावर येतायत," मावशी दारातून म्हणाल्या. मग वैतागून, "आता तरी बंद करा की. मुलगी सासरी चालली तिकडे."

बाबांनी दातांतून स्क्रू-ड्रायव्हर काढला. तळवा खाली, हवेत दोनदा.

सोमवारी साडेसहाला मी किक मारली आणि ते उतारावरून दहिसरला गेले. तिकडे गाडी उतारावर लावायची, कुणाकडून तरी ढकलून घेऊन सुरू करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी मीच किक मारली, पेपर असतील त्या दिवशीही. परीक्षेच्या हॉलमध्ये माझ्या उजव्या चपलेला तेलाचा वास यायचा. एका पेपरात ध्वनीच्या वेगावर प्रश्न होता. मी उत्तर लिहिलं, आणि लिहिताना दात घट्ट मिटले.

घोटा महिन्याभरात बरा झाला. काम टिकलं. बाबा आता अंधेरी, चेंबूर, दहिसर असे फिरतात, आणि गाळ्यांतली माणसं त्यांना हाताने बोलावतात. ती भाषा त्यांनी तिकडेही शिकवली आहे. गाडी ते स्वतः सुरू करतात. फक्त माझी परीक्षा असली की नाही.

आज पहिला पेपर. शेवटचं वर्ष. खाली उतरले तर गाडी स्टँडवर, पेट्रोलचा नळ उघडा, आणि बाबा बाजूला उभे, दोन्ही पाय धडधाकट.

"गो," ते म्हणाले.

मी पॅड आईच्या हातात दिलं आणि किक मारली. पहिल्याच किकेला सुरू झाली. बाबांनी टाकीवर हात ठेवला, डोळे मिटले, जरा वेळ तसेच राहिले. मग तो हात उचलून त्यांनी हवेत दोनदा थोपटलं आणि बोटाने पुढे दाखवलं. त्या वेळी ते गाडीकडे बघत नव्हते.

मी पॅड घेतलं, जांभळी पट्टी पुस्तकात आहे ना ते बघितलं आणि उतार उतरायला लागले.